कोपऱ्यातलं तपकिरी

गुण्यामामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अर्ध्या दाढीत.

न्हाव्याच्या दुकानाचं दार उघडं होतं. खुर्ची रिकामी. न्हावी वस्तरा हातात धरून ताटकळत उभा. आणि एका गालावर फेस असलेले एक वयस्कर गृहस्थ भिंतीवरच्या आरशाचा खालचा कोपरा धरून तो हळूहळू वर सरकवत होते.

"मामा, बसा हो. फेस वाळतोय."

"वाळू दे. तुझा आरसा तिरपा आहे. म्हणून तू सगळ्यांचे कल्ले वरखाली ठेवतोस."

"वडिलांपासून आरसा असाच आहे."

"मग वडिलांपासून कल्लेही तसेच असणार."

मी माझी बॅग खाली ठेवून बघत राहिले. न्हाव्याच्या शेजारचं फ्रेमचं दुकान याच गृहस्थांचं होतं, आणि त्या दुकानावरची खोली मी त्याच दिवशी भाड्याने घेतली होती. माझे घरमालक माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते आरशात बघून. "वर जाताना जिन्याची चौथी पायरी सांभाळा. ती सरळ आहे, बाकीच्या नाहीत."

गुण्या म्हणजे सुतारांचं काटकोन तपासायचं साधन. एक जाड लाकडी मूठ, तिच्यात काटकोनात बसवलेलं पोलादी पातं. मामांचा गुण्या लहान आहे. शर्टाच्या खिशात राहतो. इतरांच्या खिशातून पेन डोकावतं, मामांच्या खिशातून पातं. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी कोणी वाचत नाही. सगळी गल्ली त्यांना गुण्यामामा म्हणते. त्यांच्या बायकोला मामी.

मी साहित्य शिकले आणि वाचनालयात नोकरीला लागले. मामांनी मला पहिल्याच आठवड्यात नाव दिलं, बी.ए. "काय बी.ए., आज कोणतं पुस्तक धूळ खातंय?" संध्याकाळी जिना चढण्याआधी मी दुकानात थांबायला लागले. आधी पाच मिनिटं. मग स्टूल ठरलं. मग त्या स्टुलावर दुसरं कोणी बसलं की मामा त्याला उठवायला लागले.

दुकान लांबट आणि अरुंद आहे. एका भिंतीला लाकडी पट्ट्या उभ्या. जाड, बारीक, सोनेरी, काळ्या. दुसऱ्या बाजूला काचा, मध्ये मध्ये वर्तमानपत्र घालून. सरसाचा आणि भुशाचा वास. मधलं टेबल जुन्या गालिच्याच्या तुकड्याने मढवलेलं, चित्राला ओरखडा जाऊ नये म्हणून. त्या टेबलावर गिऱ्हाईक चित्र ठेवतं, पण मामा लगेच चित्र बघत नाहीत. ते विचारतात, "कुठे लावणार? समोर कोण बसणार?"

एकदा एक जावई सासऱ्यांचा फोटो घेऊन आला. त्याला सर्वांत रुंद, सोनेरी पट्टी हवी होती.

"समोर कोण बसणार?"

"बायको बसेल."

"सासऱ्यांना एवढी जागा ते असताना दिली होती का?"

जावई हसला. मग त्याने स्वतःच मध्यम पट्टी उचलली.

"हे चित्र आवडतं का तुम्हाला?" हा प्रश्न मामा शेवटी विचारतात. एक बाई म्हणाल्या, "काय माहीत, भेट आलंय." मामा म्हणाले, "मग साधी करू. म्हणजे पुढे कोणाला देताना जीव तुटणार नाही." पण कोणी मान खाली घालून "हो" म्हणालं, तर मामा त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. मग चहा येतो. मग घासाची गोष्ट निघते.

"हे बघा," मामा सांगतात, "फ्रेम उपाशीपोटी काम करत नाही. पट्टीला आतून खाच असते. चित्राची कड त्या खाचेत जाते. चारही बाजूंनी ती एकेक घास घेते. वर पुठ्ठ्याचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची चौकट, लावला तर तोही घेतो. कोणता घास द्यायचा ते तुम्ही सांगा." ते चित्रावर चार पट्ट्या मांडतात आणि झाकलं जाईल ते दाखवतात. एका आईने तिच्या मुलाने काढलेलं घर आणलं होतं. धुराड्याचा धूर कागदाच्या अगदी कडेपर्यंत गेलेला. मामा पट्टी मांडत, उचलत, परत मांडत राहिले. "धूर खाल्ला तर त्या घरात कोणी जेवत नाही असं दिसेल," ते म्हणाले. तो धूर त्यांनी वाचवला. कसा, ते मला तेव्हा समजलं नाही. मी नुसती बघत होते. एक माणूस कागदाच्या कडेसाठी इतका जीव टाकतो, हे मी पुस्तकातही वाचलं नव्हतं.

मामी दुकानाच्या मागच्या खोलीतून ये-जा करतात. काच पुसण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. बोलण्यातही नाही.

"हे पहिल्यांदा आमच्या घरी आले," त्यांनी मला सांगितलं, "तर माझ्याकडे बघेनात. माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडेच बघत होते. मला वाटलं, जायची घाई आहे."

"तिरपं होतं ते!" मामा करवतीमागून ओरडले.

"तेव्हापासून सरळ आहे," मामी म्हणाल्या. "घड्याळही आणि मीही."

मी राहायला आले त्याच्या आदल्या हिवाळ्यात मामी पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टरांनी एका कुशीवर झोपायला सांगितलं होतं. हलायचं नाही. मामींनी तोवर कधी ब्रश धरला नव्हता. माउंटमध्ये खिडकी कापली की आतला पुठ्ठ्याचा तुकडा सुटा होतो. दुकानात अशा तुकड्यांचा ढीग असतो. पडल्या पडल्या कंटाळून मामींनी त्यातला एक मागितला. फ्रेमचे टवके भरायला दुकानात रंग असतातच. तेही मागितले. आणि चित्र काढलं.

ते चित्र त्यांनी मला कपाटामागून काढून दाखवलं. खिडकी. खिडकीतून दिसणारा रस्ता, समोरची घरं, तारांवर वाळणारे कपडे. सगळं एका बाजूला कललेलं. घरं आता पडतील असं वाटायचं, पण पडत नव्हती. खालच्या उजव्या कोपऱ्यात मोठा तपकिरी ठोकळा होता. तो काय आहे ते मी विचारलं नाही. मी ते हातात धरून किती तरी वेळ बघत होते.

वाचनालयात तेव्हा डागडुजी संपली होती. वर्तमानपत्रांच्या टेबलासमोरचं जुनं कपाट हलवलं होतं आणि भिंत मोकळी झाली होती. आमच्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काहीतरी लावा तिथे. फक्त कपाळाला आठ्या घातलेला कोणी नको." मला मामींचं चित्र आठवलं.

मामी नाही म्हणाल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. "लोक हसतील. या वयात काय चाळे." मग एक दिवस काच पुसता पुसता म्हणाल्या, "ने. पण आहे तसंच लागलं पाहिजे."

"म्हणजे काय?" मामा म्हणाले. "मी काय लोकांची चित्रं बदलतो?"

"तुम्ही आरसे बदलता."

"आरसा वेगळा."

"हे बघा," मामी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला, "आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट कोणाला न विचारता केली आहे. ती नीट लागली तर दुसरं काढेन. नाही तर ते रंग तुमच्या टवक्यांना लखलाभ."

मामांनी काम हातात घेतलं. किती दिवस ते कोणालाच काही दाखवेनात. गडद लाकडाची एक पट्टी त्यांनी वर्षानुवर्षं कोणाला विकली नव्हती. कोणी मागितली की म्हणायचे, "ती वाकलीय." ती वाकलेली नव्हती. ती त्यांनी खाली उतरवली. शीळ घालत रंधा मारला. न्हावी मला म्हणाला, "मामा शीळ घालतायत. काय झालं?"

एका दुपारी त्यांनी मला आणि मामींना बोलावलं. टेबलावर फ्रेम होती, वर कापड.

"डोळे मिटा."

"मी नाही मिटणार," मामी म्हणाल्या. "दाखवा."

मामांनी कापड ओढलं.

लाकूड मंद चमकत होतं. कोपऱ्यांत सांधा शोधून सापडला नसता. पांढऱ्या माउंटच्या मधोमध मामींची खिडकी होती. सरळ. रस्ता सरळ. घरं ताठ उभी. मला ते देखणं वाटलं. मी तसं म्हणणारही होते, पण मामींकडे पाहिलं.

"हे कोणाचं आहे?" मामींनी विचारलं.

"कोणाचं म्हणजे?"

"माझं कललेलं होतं."

"तेच तर!" मामांचा चेहरा उजळला होता. "अगं, तू आजारी होतीस. हात हलला असणार. मी माउंटच्या आत चित्र थोडं फिरवून घेतलं. कापलं काही नाही, चित्राला मी पातं लावत नाही. फक्त फिरवलं. बघ, तुझी खिडकी कशी ओळंब्यात आली."

"माझा हात हलत नव्हता," मामी म्हणाल्या. "माझं डोकं उशीवर होतं."

मामांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं.

"आणि खाली कोपऱ्यात होतं ते?"

"तो डाग होय? फिरवलं म्हणजे कोपरे झाकावे लागतात. तो गेला घासात. बरंच झालं, ब्रश पुसल्यासारखा दिसत होता."

"डाग," मामी म्हणाल्या. "कसल्या रंगाचा होता?"

"तपकिरी."

"तुमची पँट कसल्या रंगाची आहे?"

मामांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. मामा दुकानात कायम एकच पँट घालतात, सरसाचे डाग दिसू नयेत म्हणून. तपकिरी.

"तो तुमचा गुडघा होता," मामी म्हणाल्या. "तुम्ही स्टुलावर बसायचात ना. मी डोळे उघडले की आधी गुडघा दिसायचा. मग खिडकी. मग रस्ता. मी काढलाही आधी तोच." त्या माझ्याकडे वळल्या. "तुझ्या बाईंना सांग, चित्र मिळणार नाही." आणि आत गेल्या. थोड्या वेळाने रंगांच्या बाटल्या परत आल्या. मामींनी त्या टवके भरायच्या फळीवर एकेक करून ठेवल्या.

मामांचा हात खिशातल्या गुण्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. त्यांनी फ्रेम उचलली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही. न्हावी दारात उभा होता. "मामा बरे आहेत ना? इतका वेळ बंद कधी नसतं." माझी सुट्टी होती. मी मागच्या दाराने आत गेले. मामी बाजारात गेल्या होत्या. खोलीचं दार उघडं होतं.

मामा मामींच्या पलंगावर झोपले होते. एका कुशीवर. बूट घालून. डोळे टक्क उघडे.

"मामा!"

"ओरडू नकोस. तिच्या डोक्याखाली तेव्हा एक उशी असायची की दोन, आठवत नाही. तू तर नव्हतीसच. त्या कोपऱ्यातली दुसरी उशी दे."

मी दिली. त्यांनी ती डोक्याखाली घेतली. गाल दाबला.

"आता त्या स्टुलावर बस. नाही, खिडकीकडे पाठ कर. माझ्याकडे तोंड. गुडघा पुढे. अजून. आता हलू नकोस."

मी बसले. साहित्याच्या अभ्यासक्रमात याची तयारी कोणी करून घेतली नव्हती. मामा एका डोळ्याने बघत होते, दुसरा उशीत बुडालेला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मामा बराच वेळ बघत राहिले.

"दिसतंय," ते म्हणाले.

"काय?"

"तिने काढलंय तसंच. घरं पडायला आलीयत, पण पडत नाहीत." मग म्हणाले, "आणि गुडघा केवढा मोठा दिसतो गं, बी.ए."

मी गुडघा हलू दिला नाही.

"तुला माहितेय, मी तिथे बसून काय करत होतो? पलंगाच्या वरची ती फ्रेम बघत होतो."

मी मान वर केली. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर लग्नातला फोटो होता. तिरपा. चांगला बोटभर तिरपा. गुण्यामामांच्या घरात, गुण्यामामांच्या हातची फ्रेम.

"रोज बघायचो. हात शिवशिवायचे. पण मी उठलो की स्टूल करकरायचं. स्टूल करकरलं की तिला जाग यायची, आणि जाग आली की दुखायचं. मग म्हटलं, राहू दे तिरपा. बसून राहिलो."

"मग नंतर का नाही सरळ केलात?"

मामांनी आठवायचा प्रयत्न केला. "ती उठून चालायला लागली. त्या गडबडीत राहूनच गेलं."

वस्तरा गालाजवळ असताना उठून आरसा सरळ करणारा हा माणूस. एक तिरपी फ्रेम समोर असताना आख्खा हिवाळा जागचा हलला नव्हता.

दारात पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मामी केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे.

"अहो," त्या म्हणाल्या, "बूट काढून तरी झोपायचं."

मामा उठून बसले. केस एका बाजूने उभे. "पुन्हा करून बघू का?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

"तुम्हाला जमायचं नाही. तिरपं बघवणार नाही तुम्हाला."

"झोपून बघेन."

मामींनी पिशवी उचलली. आत जाताना म्हणाल्या, "आणि दोन नाही, एकच उशी होती."

त्या आठवड्यात मी मामांचं काम रोज पाहिलं. माउंट त्यांनी काढून टाकला. पाठीला कोरा पुठ्ठा घेतला. त्यावर चित्राहून लहान असा एक जाड तुकडा चिकटवला, आणि त्या तुकड्यावर चित्र ठेवलं. तुकडा खाली लपला आणि चित्र पुठ्ठ्याच्या वर तरंगल्यासारखं राहिलं, चारही कडा मोकळ्या. त्या मुलाच्या घराचा धूरही त्यांनी असाच वाचवला होता, हे मला आता कळलं. काच वर उचलली, चित्राला टेकू नये म्हणून. गडद पट्टी चित्रापासून लांब, चारी बाजूंना जागा सोडून.

"घास?" मी विचारलं.

"नाही. या फ्रेमला उपाशी ठेवलंय."

मोकळ्या कडांवर मला तिरका काप दिसला. माउंटची खिडकी कापताना पातं तिरकं धरतात, त्याचा. म्हणजे कडा मामांच्या आणि आतलं मामींचं. मी हे बोलून दाखवणार होते. मामा म्हणाले, "पुस्तकी काही बोलू नकोस, सरस ओला आहे."

बाहेरची फ्रेम मात्र त्यांनी गुण्या लावून पुन्हा पुन्हा तपासली. एक कोपरा त्यांना पटेना. उकलून परत जोडला.

"आतलं कललेलं चालतं, मग बाहेरचं एवढं कशाला?"

"बाहेरचं चुकलं तर लोक म्हणतील, सगळंच वाकडं लावलंय. बाहेर काटकोन असला की कळतं, आतलं बाईने मनाने कलवलंय."

तयार फ्रेम त्यांनी मामींसमोर धरली. या वेळी कापड नव्हतं, शीळही नव्हती. मामींनी पाहिलं. आधी खालचा कोपरा पाहिला. मग बाकीचं. पदराने काचेवरचा एक ठसा पुसला. "ने," त्या मला म्हणाल्या.

वाचनालयात ते लागलं आणि नवाच खेळ सुरू झाला. आमचा शिपाई सकाळी झाडताना चित्र बघायचा, त्याला ते तिरपं वाटायचं, आणि घरं सरळ दिसेपर्यंत तो फ्रेम फिरवायचा. मग फ्रेम तिरपी दिसायची. मी ती सरळ करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो कोणाचंही ऐकेना. "ताई, डोळे आहेत मला," म्हणायचा.

मी हे मामांना सांगितलं. ते मामींना घेऊन आले. मामी आत येईनात. दारापाशीच उभ्या राहिल्या, पिशवी छातीशी धरून. फ्रेम शिपायाने नुकतीच फिरवली होती. मामांनी ती सरळ केली, खिशातून गुण्या काढला, लावून पाहिला, परत ठेवला.

टेबलाशी निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. ते रोज वर्तमानपत्राशी भांडायला येतात. त्यांनी चष्म्यावरून मामांकडे पाहिलं, मग चित्राकडे. मान हळूहळू एका खांद्यावर कलली. तशीच राहिली.

"हे झोपून काढलंय का हो?" त्यांनी विचारलं.

मामींनी दाराची चौकट धरली.

"हो," मामा म्हणाले.

"वाटलंच. मीही मध्यंतरी पडून होतो. अस्संच दिसतं. कोणाला सांगून कळत नाही." ते उठून चित्राजवळ गेले. "आणि खाली हे काय? खडक आहे का?"

मामा खाकरले. दाराकडे पाहिलं. पुन्हा खाकरले.

"सांगा की," मामी तिथूनच म्हणाल्या. "आता का वाचा बसली?"

"गुडघा आहे," मामा म्हणाले.

"कोणाचा?"

मामांचा हात आपोआप पँटवर गेला आणि गुडघ्यावरचा भुसा झटकू लागला. पोस्टमास्तरांनी पँट पाहिली. चित्र पाहिलं. मग आपली खुर्ची उचलली आणि टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, चित्रासमोर आणून ठेवली.

मी त्या दोघांना फाटकापर्यंत सोडायला गेले. काही पावलं गेल्यावर मामी थांबल्या. मग म्हणाल्या, "अहो, एखादा मोठा तुकडा निघेल का? दोन्ही गुडघे मावतील एवढा?"

"बघतो," मामा म्हणाले. "पण डावा दुखतो हल्ली. तो तिरपा येईल."

"येऊ दे," मामी म्हणाल्या.